शेत आईच्या नावावर, नांगर कक्कांचा

प्रश्न : आम्ही जबलपूरच्या गोहलपुर भागात राहतो. आजोबा वर्ध्याकडून इथल्या गन कॅरिज फॅक्टरीत नोकरीला आले आणि इथलेच झाले. पाटन तहसिलीत आमचं साडेतीन एकर शेत आहे, आईच्या नावावर. गेली बारा-तेरा वर्षं ते गावातले एक कक्का सिकमीने करतात. मटार, त्यामागून गहू किंवा उन्हाळी मूग. किसान सन्मान निधीचे पैसे आईच्या खात्यात जमा होतात, राज्य सरकारचेही होतात. मागच्या महिन्यात कक्का घरी आले होते. चहा पिता पिता आईला म्हणाले, "शेती आम्ही करतो, पण सरकारच्या कागदात शेतकरी तुम्ही." तक्रारीचा सूर नव्हता, तरी ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. वडील त्याच फॅक्टरीतून सुपरवायझर म्हणून निवृत्त झाले, त्यांच्या पेन्शनवर आमचं घर नीट चालतं. मला एवढंच विचारायचं आहे : हे पैसे खरं तर कोणाचे?
ता. क. 'सिकमी' हा शब्द कुठला? वर्ध्याच्या नातेवाइकांना तो कळत नाही.

उत्तर : तुमचा ताजा कलम आधी घेतो, कारण मुख्य प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या एका शब्दात दडलेलं आहे. फारसीत 'शिकम' म्हणजे पोट. त्यावरून शिकमी, आणि तुमच्याकडच्या बोलण्यात सिकमी : मूळ खातेदाराच्या पोटात असलेला, त्याच्या नावाआड राहून शेत करणारा. मराठीने हाच विचार आपल्या शब्दांत बांधला, 'पोटकूळ'. पोटहिस्सा, पोटखराबा, पोटभाडेकरू हे सगळे त्याच कुळीतले शब्द. तुमच्या वर्ध्याच्या नातेवाइकांना 'मक्त्याने दिलं' किंवा 'बटईने दिलं' म्हणा, लगेच कळेल. जबलपूरच्या आसपास 'अधिया'ही म्हणतात, निम्म्या वाट्याचा व्यवहार असेल तेव्हा. पश्चिम महाराष्ट्रात 'वाट्याने' आणि 'खंडाने'. प्रत्येक मुलखात या माणसासाठी शब्द आहे. सरकारी यादीत मात्र त्याच्यासाठी रकाना सापडणं कठीण.

आता मूळ प्रश्न. नियमाने पाहिलं तर हे पैसे कक्कांचे नाहीत. प्रधानमंत्री किसान सन्मान निधी २४ फेब्रुवारी २०१९ रोजी गोरखपूरला सुरू झाला आणि १ डिसेंबर २०१८ पासून लागू धरला गेला. वर्षाला सहा हजार, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत. तो कोणाला, तर 'भूमिधारक शेतकरी कुटुंबाला'. जमीन कोण कसतं हा प्रश्न योजनेने विचारलेलाच नाही. १ फेब्रुवारी २०१९ रोजी भूमी अभिलेखात ज्याचं नाव होतं तो शेतकरी. त्या तारखेनंतर जमीन हातपालट झाली तर वारसाहक्काने आलेली तेवढी धरायची. दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याला पैसे मिळणार नाहीत, हेही स्पष्ट सांगितलेलं आहे. तुम्ही गावात न राहता शहरात राहता, याने काही बिघडत नाही.

मध्य प्रदेशाने २०२० मध्ये मुख्यमंत्री किसान कल्याण योजना आणली. आधी वर्षाला चार हजार होते, २०२३ मध्ये सहा हजार झाले. तिची वेगळी यादी नाही, केंद्राच्या यादीत जो आहे तोच इथे. महाराष्ट्राने २०२३ मध्ये नमो शेतकरी महासन्मान निधी सुरू केला तोही याच धर्तीवर. म्हणून तुमच्या वर्ध्याच्या चुलतभावांनाही वर्षाला बाराच हजार आणि तुमच्या आईलाही बाराच हजार.

पण तुमच्या पत्रात तुम्ही ओघात एक गोष्ट लिहून गेलात, तिच्यापाशी मला थांबणं भाग आहे. वडील सुपरवायझर होते आणि त्यांना पेन्शन आहे. या योजनेत कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अज्ञान मुलं. कुटुंबातल्या निवृत्त माणसाची पेन्शन महिन्याला दहा हजार किंवा त्याहून जास्त असेल, तर ते कुटुंब अपात्र. चतुर्थ श्रेणीतून निवृत्त झालेल्यांना यातून सूट आहे, सुपरवायझरला नाही. प्राप्तिकर भरणारे, नोकरीतले सरकारी कर्मचारी, व्यवसाय करणारे डॉक्टर, वकील, अभियंते हेही वगळलेले आहेत. शेत आईच्या नावावर असल्याने वडिलांची पेन्शन मोजली जात नाही, असा समज खूप घरांत आहे. तो चुकीचा आहे. पती-पत्नी एकाच कुटुंबात धरले जातात.

तेव्हा वडिलांची पेन्शन त्या मर्यादेपलीकडे असेल, तर तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर असं निघतं की हे पैसे ना कक्कांचे, ना तुमचे. योजनेच्या पोर्टलवर लाभ स्वेच्छेने सोडण्याची आणि घेतलेले हप्ते परत करण्याची सोय आहे. राज्याच्या रकमेचं पटवारी आणि तहसील कार्यालयाला विचारून मार्गी लावा. अपात्रांकडून वसुली होते, तिची वाट पाहू नका. हे लिहिताना मला अवघड वाटतं आहे, कारण तुम्ही प्रश्न स्वच्छ मनाने विचारलात. पण ज्याने इतक्या मोकळेपणाने विचारलं त्याच्यापासून हे लपवणं बरं नाही.

यापुढचं सगळं कक्कांबद्दल. त्यांच्या हाताला काय लागू शकतं ते बघू.

सरकारी मदत तीन वाटांनी येते, असं मी स्वतःला समजावून घेतो. एक जमिनीच्या मागे येते, दुसरी पिकाच्या मागे, तिसरी पोत्याच्या मागे. जमिनीमागची वाट कक्कांना बंद आहे, ती आपण पाहिली. उरलेल्या दोन वाटांवर त्यांना पाऊल ठेवता येतं, पण दोन्हींच्या नाक्यावर एक कागद दाखवावा लागतो.

पोत्याची वाट म्हणजे हमीभावाची खरेदी, तुमच्याकडे जिला 'उपार्जन' म्हणतात. मध्य प्रदेशात गव्हाची सरकारी खरेदी मोठी आहे आणि राज्य स्वतःचा बोनस घालतं. २०२५ च्या हंगामात केंद्राचा हमीभाव क्विंटलला २४२५ रुपये होता, त्यावर राज्याने १७५ रुपये घातले आणि शेतकऱ्याला २६०० मिळाले. हे पैसे ज्याच्या नावाची नोंदणी असते त्याच्याच आधार जोडलेल्या खात्यात जातात. सिकमीदाराला स्वतःच्या नावाने नोंदणी करता येते. फरक एवढा, की जमीनमालक घरबसल्या मोबाइलवरून नोंदणी करतो, सिकमीदाराला सहकारी समितीच्या केंद्रावर जावं लागतं, करारनामा द्यावा लागतो आणि महसूल खातं त्याची पडताळणी करतं. कक्का हे करत नसावेत, असा माझा अंदाज आहे. बहुतेक घरांत नोंदणी मालकाच्या नावाने होते, गहू मालकाच्या नावाने मोजला जातो, पैसे मालकाच्या खात्यात येतात आणि मग मालक ते कसणाऱ्याच्या हातात ठेवतो. तुमच्या घरात हा व्यवहार चोख असेल. पण एखाद्या वर्षी मालक आजारी पडला, खातं गोठलं, भावांत वाटणीचं भांडण लागलं, तर कसणाऱ्याच्या वर्षभराच्या कष्टाचा मोबदला दुसऱ्याच्या खात्यात अडकून बसतो आणि तो आपला आहे हे सिद्ध करायला त्याच्याकडे चिटोरंही नसतं.

भावांतरचं नावही तुम्ही ऐकलं असेल. जून २०१७ मध्ये मंदसौरला शेतकऱ्यांचं आंदोलन पेटलं, गोळीबारात माणसं गेली. त्यानंतर त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात राज्याने भावांतर भुगतान योजना सुरू केली. सोयाबीन, उडीद, तूर, मका अशी आठ पिकं होती. मंडीत भाव हमीभावाच्या खाली गेला तर मधलं अंतर सरकार भरणार, मात्र मोजणी प्रत्यक्ष मिळालेल्या भावावर सरधोपट होणार नाही, ठरवलेल्या सरासरी भावाचाही हिशेब धरला जाणार. फरक सरकार भरतंय म्हटल्यावर व्यापाऱ्यांनी भाव पाडले, ही तक्रार तेव्हा गावोगाव झाली, आणि योजना थांबली. २०२५ च्या खरिपात ती फक्त सोयाबीनसाठी पुन्हा आली, ५३२८ रुपये हमीभाव धरून. जाता जाता सांगतो, विदर्भ-मराठवाड्यात वर्षानुवर्षं पेरलं गेलेलं 'तीनशे पस्तीस' सोयाबीन, म्हणजे जेएस ३३५, हे वाण तुमच्या जबलपूरच्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाचं. गोहलपुरहून अधारतालला जाताना त्याच्या आवाराजवळून तुम्ही कितीदा गेला असाल.

कक्कांचं मुख्य पीक मात्र मटार, आणि मटार या कोणत्याच हिशेबात बसत नाही.

जबलपूरचा मटार नावाजलेला आहे. 'एक जिल्हा एक उत्पादन' या योजनेत जिल्ह्याने तोच निवडला. त्याच्या मागे तुमच्या मुलखाची जुनी 'हवेली' पद्धत आहे : शेताला उंच बांध घालायचे, पावसाचं पाणी पावसाळाभर शेतातच कोंडून ठेवायचं, पावसाळा सरताना सोडून द्यायचं आणि त्या ओलीवर रब्बी घ्यायची. काळ्या भारी जमिनीत तण मारण्याची आणि ओल धरण्याची एवढी शहाणी रीत मी दुसरीकडे फार पाहिलेली नाही. पुढे बरगी धरणाचं पाणी आलं, पिकं बदलली, हिरव्या शेंगेला दूरच्या बाजारपेठा मिळाल्या. पण हमीभाव केंद्र सरकार ज्या पिकांना जाहीर करतं त्यांत धान्य, डाळी, तेलबिया, कापूस आहेत, हिरवा मटार नाही. शेंग तोडली की तिला ठेवायला जागा नाही, त्याच दिवशी मंडीत नेली पाहिजे आणि त्या दिवशीचा भाव घेतला पाहिजे. गहू पेरणाऱ्या जमीनमालकाला जमिनीमागचे बारा हजार आणि हमीभाव दोन्ही मिळतात. मटार पेरणाऱ्या सिकमीदाराला दोन्ही नाहीत, आणि मक्त्याची रक्कम तर त्याने आगाऊ मोजलेली असते. सगळ्यात जास्त जोखीम उचलणारा माणूस सगळ्यात उघड्यावर उभा आहे, आणि याने मला खरोखर त्रास होतो.

पिकाची वाट म्हणजे विमा आणि कर्ज. प्रधानमंत्री पीक विमा योजनेची मार्गदर्शक तत्त्वं १८ फेब्रुवारी २०१६ रोजी तुमच्याच राज्यात, सीहोर जिल्ह्यात जाहीर झाली. खरिपाला विमा रकमेच्या दोन टक्के, रब्बीला दीड टक्के, नगदी आणि बागायती पिकांना पाच टक्के हप्ता शेतकऱ्याने भरायचा. बटाईदार आणि कूळ या योजनेत पात्र आहेत, करार दाखवला तर. किसान क्रेडिट कार्डाच्या नियमांतही तोंडी करारावर कसणारे, बटाईदार, पोटकुळं सगळी पात्र आहेत, संयुक्त जबाबदारी गटाचा मार्गही ठेवलेला आहे. नियमाचं पान इतकं उदार आहे. बँकेच्या खिडकीवर मात्र पहिला प्रश्न जमिनीच्या कागदाचा येतो, तुमच्याकडे खसरा नि बी-वन, आमच्याकडे सातबारा. मध्य प्रदेशातल्या सहकारी समित्या वेळेवर फेडणाऱ्याला शून्य टक्के व्याजाने पीककर्ज देतात, हे मोठंच काम आहे. पण ते कर्ज ज्याच्या नावे निघतं आणि जो बियाणं विकत आणतो, ही दोन माणसं पुष्कळदा वेगळी असतात. आणणारा मग सावकाराकडे जातो.

आमच्या घरचीच गोष्ट सांगतो. माझ्या लहानपणी आमचं थोडं शेत एका शेजाऱ्यांकडे मक्त्याने होतं. एका वर्षी गारपिटीने हरभरा झोपला. नुकसानभरपाई आली ती वडिलांच्या नावाने. वडिलांनी ती जशीच्या तशी त्यांना नेऊन दिली आणि घरी येऊन आईला म्हणाले, सही माझी लागली, एवढंच. मला ते तेव्हा फार साधं वाटलं होतं. आता वाटतं, वडिलांच्या जागी दुसरं कोणी असतं तर त्या शेजाऱ्यांनी कुठे दाद मागितली असती?

मग लोक करार का लिहून देत नाहीत? भीतीने, आणि ती भीती पोकळ नव्हती. कसेल त्याची जमीन या तत्त्वावर महाराष्ट्रात कूळकायदे झाले. मुंबई राज्याचा १९४८ चा, विदर्भाचा वेगळा १९५८ चा. मुंबईच्या कायद्याने १ एप्रिल १९५७ या कृषकदिनाला कुळं मालक झाली. लाखो कसणाऱ्यांना त्याने जमीन मिळाली, आणि ते न्यायाचंच होतं. पण तेव्हापासून मालकाच्या मनात धास्ती बसली : कागदावर नाव आलं की जमीन गेली. मध्य प्रदेशाच्या १९५९ च्या भू-राजस्व संहितेतलं कलम १६८ सांगत होतं, की सलग तीन वर्षांत एका वर्षाहून जास्त काळ जमीन पट्ट्याने देऊ नये. विधवा, अविवाहित स्त्रिया, अज्ञान मुलं, अपंग, सैनिक यांना सवलत होती. बाकी सगळे व्यवहार तोंडी झाले. तुमच्या कक्कांची बारा-तेरा वर्षंही तशीच गेली असणार.

ही गाठ सोडवायला मध्य प्रदेशाने २०१६ मध्ये कायदा केला. भूमिस्वामी आणि बटाईदार या दोघांच्याही हितरक्षणाचा, त्याच्या नावातच दोघे आहेत. पाच वर्षांपर्यंतचा लेखी करार करता येतो, त्याची प्रत तहसीलदाराकडे जाते, आणि करार केला म्हणून बटाईदाराला मालकी मिळत नाही. आपत्तीची मदत आणि विम्याची रक्कम कशी वाटायची हेही त्यात ठरवून ठेवता येतं. त्याच वर्षी नीती आयोगाच्या टी. हक समितीने सगळ्या राज्यांसाठी नमुना कायदा सुचवला होता, पण बरीच राज्यं अजून थांबलेली आहेत. या एका बाबतीत तुमचं राज्य आमच्या महाराष्ट्राच्या पुढे आहे. ज्यांच्यासाठी कायदा केला त्यांच्यापर्यंत तो फारसा पोचलेला नाही, एवढंच दुःख.

इतर राज्यांनी काय केलं, तेही थोडक्यात. तेलंगणाने २०१८ मध्ये रयतु बंधू योजना आणली, एकरी रक्कम थेट पट्टेदार मालकाला. जितकी जमीन जास्त तितके पैसे जास्त, आणि कुळाला काही नाही. ओडिशाच्या कालिया योजनेत भूमिहीन शेतमजूर कुटुंबांनाही जागा होती. आंध्र प्रदेशाने २०१९ मध्ये कसणाऱ्याला अकरा महिन्यांचं हक्कपत्र देण्याचा कायदा केला आणि मागास समाजातल्या भूमिहीन कुळांना तिथल्या रयतु भरोसा योजनेचे पैसे राज्याच्या तिजोरीतून दिले. तिथेही मालकाची संमती लागत होती, त्यामुळे पुष्कळजण राहून गेले. पण कूळ दिसतंच नाही असं म्हणता येत नाही, पाहायचं ठरवलं तर दिसतं, एवढं त्यातून कळतं.

आणि आपल्याकडे ते दिसलेलं होतं. ५ सप्टेंबर १६७६ रोजी शिवाजी महाराजांनी प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे. गावोगाव फिरा, कुणबी गोळा करा, ज्याच्याकडे शेत करायला माणूसबळ आहे पण बैल नाही, पोटाला दाणे नाहीत, त्याला बैल घेऊन द्या, खायला धान्य द्या, आणि वसुली करताना वाढीदिढी न लावता फक्त मुद्दल, तेही त्याला झेपेल तसं हळूहळू घ्या, असा त्याचा आशय आहे. त्या पत्रात मदतीची कसोटी काय आहे पाहा : शेत करण्याची ताकद आहे का, आणि काय कमी पडतं आहे. बिनव्याजी कर्जाची कल्पना तर आहेच. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या अंमलदाराला गावात जाऊन माणूस बघायला सांगितलं होतं. आज उपग्रहाची चित्रं आहेत, गिरदावरी, म्हणजे पिकांची पाहणी, मोबाइलवर होते, महाराष्ट्रात २०२१ पासून ई-पीक पाहणी आहे, कुठल्या तुकड्यात काय पेरलंय हे कार्यालयात बसून कळतं. ते कोणी पेरलं, हा रकाना भरून घेणं आता अवघड राहिलेलं नाही. तो भरावा, असं मला अगदी मनापासून वाटतं. जमिनीमागची मदत मालकाला राहू दे, पण पिकाच्या आणि पोत्याच्या मागची तरी कसणाऱ्याच्या हातात मालकाच्या सहीवाचून पडली पाहिजे.

आता तुम्ही काय करावं. सन्मान निधीचं वर सांगितलं तसं आधी तपासून घ्या. तुमचं कुटुंब पात्र निघालं, तर ते बारा हजार तुमच्या आईचे, आणि मक्ता ठरवताना त्यातलं काही वजा करायचं का हा तुमच्या घराचा प्रश्न. मी तुमच्या जागी असतो तर केलं असतं. अपात्र निघालात तर पैसे सरकारला परत, कक्कांकडे ते वळवता येणार नाहीत. मात्र दोन्ही वेळी आईच्या सहीने करार नक्की करा. त्यात तुकड्याचा खसरा क्रमांक, मुदत, मक्ता, नुकसानभरपाई आणि विम्याची रक्कम कोणाची, हे स्पष्ट लिहा. विम्याबद्दल मी म्हणेन, पूर्ण कक्कांची, कारण पेरणीचा खर्च त्यांचा. एक प्रत आईकडे, एक कक्कांकडे, एक तहसिलीत. वडिलांना जमीन जाण्याची धास्ती वाटली तर २०१६ च्या कायद्यातलं ते कलम तहसिलीतल्या वकिलाकडून त्यांच्यासमोर वाचून घ्या.

वेळेचंही सांगतो. तुमच्याकडे शेतीचं साल अकतीला, म्हणजे अक्षय तृतीयेला पालटतं, विदर्भात सालगड्याचं साल गुढीपाडव्याला. करार तेव्हाच झालेला बरा. मटाराची पेरणी ऑक्टोबरात येईल तोवर कागद कक्कांच्या हातात असेल, आणि जानेवारी-फेब्रुवारीत गव्हाची नोंदणी सुरू झाली की ते तो घेऊन समितीच्या केंद्रावर जातील. पहिल्या वेळी तुम्ही त्यांच्याबरोबर जा. पडताळणीला पटवारी मालकाला विचारतोच, आणि तिथे उभं राहून 'हो, शेत हेच करतात' असं तुम्ही सांगितलंत तर कक्कांचा एक हेलपाटा वाचेल.